माळ

अनंत चतुर्दशी, रात्रीचे पावणेबारा.
चिकमंगळूर चौराह्यावर पानवाल्याच्या ओट्यावर
बांबूला फोन बांधून मी उभी आहे.
समोरून बंद मिलची झांकी येते आहे.
भोंगा नाही, पाळी नाही, कापसाची धूळ नाही,
पण वर्गणी आहे, ट्रॅक्टर आहे,
आणि दहा हजार बल्बांचा गोवर्धन
एका करंगळीवर हलतो आहे, जरा जास्तच.

गेल्या वर्षी हेच चित्र मी झाडासारखं पाठवलं:
बुंधा माझा फोन, त्याला दोन फांद्या,
फांदीला फांदी, पार शेवटच्या पानापर्यंत
एकशे सत्तर घरं.
नंदानगरच्या राऊळवहिनींनी
चार्जिंगला लावताना फोन चुकून बंद केला
आणि त्यांच्याखालची एकेचाळीस घरं अंधारात गेली.
वहिनी वाटाण्याची उसळ ढवळत होत्या.
त्यांना अजून माहीत नाही.

मुकुंदमामा खाटेवरूनच हसला.
बत्तीस वर्षं झांकीचं वायरिंग केलेला माणूस,
कंबर मोडली तीही हनुमानाच्या शेपटीवरून पडून.
"सिरीजमध्ये जोडलंस ना?
एक बल्ब गेला की अख्खी माळ जाते.
पॅरललमध्ये जोड, बाई."
मी म्हटलं, मामा, हे विजेचं नाही.
"मग कशाचं आहे?"

उत्तर द्यायला मला आठ महिने लागले.

आता मी चित्राचे तुकडे करते,
एकेका सेकंदाचा एकेक, प्रत्येकावर नंबर.
गर्दीत नेटवर्क एवढंसं, चार घरांपुरतं,
म्हणून थेट फक्त चार घरी, चौघांना वेगवेगळे.
पुढे त्यांचं ते बघतात:
बाराशे सात आहे का तुझ्याकडे?
नाही, पण बाराशे नऊ आहे, घे.
मिलच्या शेडमागे डबे उघडायचे तसं,
तुझी भाजी, माझी चटणी,
आणि जो नुसताच जेवतो
त्याच्यापर्यंत डबा जरा उशिरानं सरकतो.
क्लर्क कॉलनीतल्या एकाचं चित्र सारखं अडखळतंय.
तीनदा फोन केला त्यानं मला.
चिडू दे.

एक गोष्ट मात्र जमली नाही.
'आत्ता' सगळ्यांना एकदम देता येत नाही.
इथे गोवर्धन वळला
तो पाटणीपुऱ्यात सहा सेकंदांनी वळतो,
देवासला नऊ,
पीथमपूरच्या नाइट शिफ्टमध्ये कधी कधी वीस.
चौकाजवळच्या घरांत ढोल दोनदा वाजतो,
एकदा खिडकीतून, एकदा फोनमधून,
आणि मधल्या वेळात
पोरं ओरडतात, "आला, आला,"
जो येऊन गेलेला असतो.

सव्वातीन.
आखाडे गेले, बनेटीचा घासलेटी वास मागे राहिला.
लॅपटॉपवर घरांचे ठिपके,
कुणी विझतं, कुणी नव्यानं लागतं,
रेघा सुटतात, दुसरीकडे जाऊन चिकटतात.
राऊळवहिनी आज दोनदा गेल्या, दोनदा आल्या,
कुणाला पत्ता नाही.
एका ठिपक्याला सगळ्यांत जास्त रेघा.
परदेशीपुरा, गल्ली तीन.
अकरा घरं एकट्याच्या जिवावर पाहताहेत.

मी मामीला फोन लावला.
"अगं, तो तर दीडलाच झोपला.
फोन छातीवर, तोंड उघडं.
काढून ठेवू का बाजूला?"
नको, म्हटलं, हात लावू नकोस.
ड्यूटीवर आहे तो.

मामी थोडा वेळ गप्प.
मागे मामाचं घोरणं,
आणि त्यावरून सात सेकंद जुना ढोल.

"पांघरूण तरी घालू?"

त्याला घाल.
फोनवर नको, तापेल.