आर

डलूथमधल्या एका बंद घराच्या लिलावात
मासेमारीच्या सामानाखाली निघालेलं खोकं.
अकरा कॉमिक्स, एकोणीसशे सत्तेचाळीसची,
जुन्या कागदाचा तो गोडसर, आंबूस वास,
आणि प्रत्येकाच्या कपाळावर, उजवीकडे,
निळ्या मेणपेन्सिलीने काढलेला एक आर,
खाली तिरकी रेघ, रेघेखाली तारीख.

तीस वर्षं हाच धंदा करतोय मी.
मुखपृष्ठावर चुणी असली की भाव पडतो,
कुणाचं अक्षर असलं की आणखी पडतो.
गिऱ्हाईक विचारतं, पुसता येईल का?
येतं, थोडंफार. मऊ रबर लागतं, आणि धीर.
पण आधी मला कळायला हवं होतं
पुसतोय ते कुणाचं.

वितरकाची खूण, म्हणाले जाणकार,
ट्रकवर गठ्ठे चढवताना टाकायचे तारीख.
म्हणून ऊर्हो सालमेलाला गाठला,
वय एक्क्याण्णव, वृद्धाश्रमाच्या खिडकीत, सरोवराकडे पाठ करून.
त्याने चष्मा न लावताच मान हलवली.
"आमची खूण लाल. आणि मागच्या बाजूला.
तोंडावर कोण लिहितं?"
मग अर्धा तास तो रस्त्यांबद्दलच बोलला,
बर्फात रुतलेल्या एका ट्रकबद्दल,
ज्यातली मासिकं जाळून त्यांनी रात्र काढली.
"कॉमिक्ससुद्धा?"
"तीच आधी. छान पेटायची."

त्या रात्री भिंगाखाली दुसरंच काही दिसलं.
आत, समासात, शिशाचा एक ठिपका,
मोहरीएवढा.
चार पानं सोडून आणखी एक.
मग तीन पानांनी. मग एकदम सहा.

सिग्ने ओस्टबी भेटली ती भलत्याच कामात,
तिला वडिलांच्या जुन्या बाटल्या विकायच्या होत्या.
टेकडीच्या पायथ्याशी औषधांचं दुकान त्यांचं,
सोड्याचा काउंटर, मासिकांची फिरती जाळी, दाराला घंटी.
मी कॉमिक टेबलावर ठेवलं
तशी ती आरवर बोट टेकवून हसली.
"हा रेइनो."

रेइनोपाशी दहा सेंट कधी जमलेच नाहीत.
शाळा सुटली की यायचा, जाळीपाशी उभा राहायचा,
बाबांनी मान वर केली की अंक मिटायचा,
आणि मिटण्याआधी, कानामागची पेन्सिल काढून, ठिपका.
उद्या इथून पुढे.
बाबा तापट. फुकट्यांना दारातूनच परतवायचे.
याला का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही,
आणि विचारावं असं आमचं घर नव्हतं.
एवढंच की तो वाचत असलेल्या अंकावर
ते आर लिहायचे. म्हणजे विकायचा नाही.
आणि त्याचं वाचून झालं की रेघेखाली तारीख.
म्हणजे आता विका.

मग ही अकराच्या अकरा एका खोक्यात कशी आली?
तिला ठाऊक नव्हतं. ते घर कुणाचं, तेही नाही.
लिलावाच्या कागदावर फक्त बँकेचं नाव.

आणि हो, अकरा म्हणालो ते चुकलंच,
तारीख दहांवर आहे.
शेवटच्या अंकावर आर आहे, रेघ आहे,
रेघेखाली काही नाही.
ठिपके अठराव्या पानापर्यंत, पुढे समास कोरे.
"खाणीकडे गेली असतील ती माणसं," सिग्ने म्हणाली,
"किंवा बोटीवर गेलेला बाप परत आला नाही, तो याचाच.
कदाचित मी दुसऱ्या कुणाशी गल्लत करतेय."

दहा विकली. खुणा राहू दिल्या, भाव पाडून घेतला.
अकरावं घेऊन दुकान बंद केल्यावर
अठरावं पान उघडलं,
आणि दोन खुर्च्या रिकाम्या असताना
काउंटरला टेकून उभ्याउभ्याच वाचलं.
नायक तळघरात कोंडलेला, पाणी गळ्यापर्यंत आलेलं.
सुटतो तो. सुटणारच होता.
गोष्ट तशी बेताचीच.

निळी मेणपेन्सिल आहे माझ्याकडे,
गल्ल्याजवळच्या डब्यात, कधीची.
रेघेखालची ती जागा नखाएवढी.
तारीख टाकायची का, अजून ठरत नाही.