तिसरा रकाना

मे महिन्यात ला पासमध्ये सकाळी नऊलाच
प्रयोगशाळेच्या काचा हाताला चटका देतात.
मी ट्रेमध्ये तीन डोकी मांडते.
तिन्ही पाकटांची. एकाच घराण्यातली,
दूरची चुलत भावंडं म्हणा हवं तर.

पहिलं गोल पाकट, बशीएवढं,
वाळू अंगावर ओढून दिवस काढणारं.
त्याच्या काट्याच्या भीतीने आम्ही मुलं
उथळ पाण्यात पाऊल उचलत नसू,
फरफटत नेत असू.
कवटी मऊ कूर्चेची,
भिजवलेल्या बदामासारखी सोलली जाते.
आत दीड ग्रॅम.
लहान मेंदूवर मोजक्या वळ्या,
त्याही उथळ, ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा.

दुसरं फुलपाखरू पाकट. हेही तळाशीच,
पण पंख रुंद, आणि जरा हिंडतं.
वळ्या सात की आठ,
यावरून ओफेलिया आणि मी सोमवारपासून बोलत नाही.

तिसरं मोबुला.
हे तळाला टेकत नाही.
जन्मल्यापासून पोहतंय ते पोहतंय,
आणि एप्रिलपासून या आखातात
शेकड्यांनी पाण्याबाहेर उसळतं,
पोटावर आपटतं, पुन्हा उसळतं.
आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा,
कोणी ओले गालिचे झोडपतंय जणू.

हे डोकं माझ्या बापाने आणलंय.
बर्फाच्या पेटीत, वर ओलं गोणपाट.
रात्री जाळ्यात आलं, सोडवेपर्यंत गेलेलं,
असं तो दारातच तीनदा म्हणाला.
आता बंदी आहे. पूर्वी नव्हती.
पूर्वी तो हार्पून घेऊन जायचा,
आई मांस वाळवायची, कुटायची,
कांदा-मिरचीवर परतायची,
आणि त्याच पैशातून माझी शाळेची बस.
डोकी किनाऱ्यावर पेलिकनांना.
चाळीस वर्षांची डोकी.

"बसा ना," म्हटलं. तो बसला नाही.
टोपी हातात धरून उभा, चर्चमध्ये राहतो तसा.

मी कवटी उघडते.
आधी मेंदू दिसतच नाही.
आधी दिसतं जाळं:
बारीक तांबड्या शिरांचं, दाट,
उष्णता धरून ठेवणारं,
खाली काळ्या थंडीत बुडी मारताना
डोकं गार पडू नये म्हणून.
बाप वाकला. चष्मा नाकावर सरकवला.
आयुष्यभर जाळी विणलेला माणूस,
त्याने आधी आस पाहिला, मग वीण.
"इतकी बारीक," म्हणाला. "गाठ कुठाय?"
गाठ नाही, म्हटलं.
त्याला ते पटलं नाही.

मग मेंदू.
पुढचा भाग मुठीसारखा फुगलेला,
लहान मेंदू तर दुमडून दुमडून,
छोट्या पेटीत कोंबलेल्या लग्नाच्या झग्यासारखा.
गोल पाकटाचा शेजारी ठेवला
तेव्हा बापच म्हणाला, हे एका घरचे?
एका घरचे. शरीराच्या वजनाने भागूनसुद्धा
हा कितीतरी मोठा.
"आणि आम्ही म्हणायचो, मूर्ख आहेत,
दोर दिसत असून जाळ्यात येतात."
थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"उडी का मारतात ते कळतं का यात?"
मी त्याला सांगितलं,
कोणी म्हणतं अंगावरचे परजीवी झाडायला,
कोणी म्हणतं मादीसाठी,
कोणी म्हणतं एकमेकांना हाक.
"म्हणजे नाही कळत."
"वळ्या मोजता येतात, पप्पा."
"हं."

त्याने हात पुढे केला. मी हातमोजा दिला,
तो त्याच्या बोटांत जाईना,
शेवटी तसाच, उघड्या तळव्यावर
त्याने तो मेंदू घेतला.
वजन पाहिलं, बाजारात पाहतो तसं,
खालीवर, डोळे मिटून.
काही बोलला नाही.
स्वतःच काट्यावरच्या काचेच्या वाटीत ठेवला
आणि हात धुवायला गेला,
बराच वेळ नळ चालू होता.

मी आकडा लिहिला, झाकण लावलं,
त्याला बस स्टॉपपर्यंत सोडून आले.

दुपारी ओफेलियाने, सोमवारनंतर पहिल्यांदा,
माझ्याशी तोंड उघडलं:
"तिसऱ्या रकान्यात वाटीचंही वजन धरलंयस."
खरंच. काटा शून्यावर आणायचा राहिला होता.
आणि एक जास्तीचा थेंब,
त्याच्या तळव्याचा घाम की बर्फाचं पाणी,
ते आता वेगळं काढता येणार नाही.

खोडलं.
पुन्हा वजन करायला बरणी उघडली.