शेवटाकडून

सुरतेहून परत आलो तेव्हा
गळ्यात शिट्टी होती आणि आवाजात मुकादम.
बारा वर्षं लूमच्या खडखडाटात
ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नसे.
ती सवय तशीच घेऊन
कार्तिकात मी पांझरेच्या पाटावर उभा राहिलो.
पंचांनी मला पाटकरी केलं होतं.

आधी वही केली.
कुणाचं बारं कधी, किती मिनिटं.
लाल शाईत दंड.
बंधाऱ्यापासून निघायचो, सायकलवर,
वरच्या फडाशी ताजा, मधल्या फडाशी गप्पिष्ट,
आणि खालच्या फडाला पोचेपर्यंत
अंधार पडलेला,
पाणी पातळ झालेलं, मीही.
शिट्टी वाजली की माणसं हलायची.
मला वाटायचं, हेच ते.

उखर्डूबाबा, माझ्या आधीचे पाटकरी,
काही शिकवत नसत.
खोदून विचारलं
तर फावड्याच्या दांड्याला तेल चोळत म्हणाले,
‘पानी कथाईन येस ते समदासले माहीत शे.
कथा सरस ते पाही ये.’

राग आला. पंधरा दिवस पुरला.
मग एका पहाटे, सायकल घरी ठेवून,
मी शेवटच्या चारीपासून वर चालत निघालो.

खालून पाट वेगळाच दिसतो.
वर गुडघ्याला लागणारा गहू
इथे रुखमाबाईच्या वाफ्यात घोट्याला.
चारीच्या तळाशी भेगा, त्यात मुंग्यांचा रस्ता,
पाणी येणार नाही हे मुंग्यांना
माझ्या वहीच्या आधी कळलेलं.
वर कुणीतरी बारं संपल्यावर
तोंडातलं गोणपाट काढायला रोज विसरत होतं.
माझा सख्खा चुलता.

तेव्हापासून रोज खालून.
शहाणपण वगैरे काही नाही,
पहिले आठ दिवस तर फक्त टाचा दुखल्या.
पण खालच्या माणसाला सकाळी पहिलं भेटलं
की वरच्या माणसाशी बोलताना
आवाज आपोआप अर्धा होतो.
शिट्टी खिळ्यावर गेली.

मग पौषातली ती रात्र.
तीनला बारं फिरवायचं होतं.
बंधाऱ्यावर निंबाला टेकलो, घोंगडी कानापर्यंत,
आणि टिटवीनं उठवलं तेव्हा
सांडममधून पाणी निवांत नदीत परत चाललं होतं,
अख्ख्या खालच्या फडाचं.

कुणी पाहिलं नव्हतं.
उंदरांच्या बिळावर ढकलता आलं असतं,
पाट फुटतोच, कुणाला काय.
वही माझ्याच हातात होती.
सकाळपर्यंत मी ती चार वेळा उघडली, मिटली.

पारावर सगळे जमले तेव्हा
लाल शाईनं माझंच नाव लिहिलं.
हात थरथरला, मधलं अक्षर फुटलं.
पन्नास रुपये.
आकडा मीच ठरवलेला,
ठरवताना फार कमी वाटला होता.

कुणी बोलेना.
रुखमाबाईच बोलल्या, बारं तर त्यांचंच गेलेलं,
‘बरं व्हयनं तू सांगं.
नहीतर आम्ही उंदीरलेच शिव्या देत बसतूत.’
सगळे हसले. मी जरा उशिरा.
पण हसण्यानं गहू भिजत नाही,
ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

त्या रात्री खालच्या चारीत पाणी आलं.
वहीत नसलेलं.
माग काढत वर गेलो तर
चुलत्यानं आपलं अर्धं बारं सोडलेलं,
स्वतः बांधावर बिडी ओढत बसलेला.
का, विचारलं.
म्हणाला, ‘झोप लागनी मले.’

ते वहीत कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.
तेवढी ओळ कोरी आहे.

अजून ओरडतो कधीकधी. सुरत पूर्ण उतरलेली नाही.
मग दुसऱ्या पहाटे शेवटच्या वाफ्याशी पोचतो
तर तिथली माणसं जरा सावरून बसलेली,
माझं ओरडणं
पाण्याच्या आधी तिथे पोचलेलं.