दमाने

पहिल्या सत्रात डुकराची फुप्फुसं दिली हातात,
खाटकाकडून आणलेली, बर्फात आक्रसलेली.
नळी बसवली, पिशवी दाबली,
तशी ती पसरत गेली ट्रेभर, ट्रेबाहेर,
आणि कॉल्टन नावाचा विशीतला पोरगा
हळूच बाहेर जाऊन बसला.
मी त्रेचाळीसची. मी टेबलाची कड धरली.
"आता सोड," डोलोरेस म्हणाली. "पुन्हा भर. घाई नको."

बेक्ली, वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाचं गाव.
इथल्या नातवंडांना जिन्यावरचं पाऊल नाही,
खोकला ओळखू येतो.

मनगटातली रोहिणी शोधायला शिकले.
आधी दोन बोटं. मग सुई, तिरकी.
रक्त आपलं आपण चढू द्यायचं ठोक्याठोक्याने,
ओढायचं नाही.
संत्र्यावर जमलं. व्हर्जिल स्टॅम्परच्या हातावर
दोनदा चुकलं.
तो म्हणाला, "एकतीस वर्षं डोंगराला भोकं पाडली, पोरी.
पहिल्याच फटक्यात कोळसा
कुणाच्या बापाला लागला नाही."

रात्री कँटीनमध्ये डोलोरेसला सांगत बसले:
आमच्यात एकच शब्द आहे, दम.
लागतो तो दम. धरायचा तोही दम.
चढत्या आवाजात द्यायचा तोसुद्धा,
आणि भात मुरवायला लागतो, तो वेगळा.
तिची कॉफी गार झाली.
"आणि आजाराला?"
एक काना वाढवायचा फक्त.

पहाटे तीनला व्हर्जिलचा श्वास चौतीस.
खांदे कानांशी. घशातली नळी नको, असं त्याने
आधीच सही करून सांगितलेलं.
मास्क घट्ट केला, मशीनचे आकडे बदलले,
मग करण्यासारखं फारसं उरलं नाही.
खुर्ची ओढून समोर बसले.
ओठांचा चंबू कर. समोर मेणबत्ती आहे समज,
ज्योत हलू दे, विझू देऊ नकोस.
पाठ केलेलं इंग्रजी मध्येच कुठे संपलं कळलं नाही;
तोंडातून येत राहिलं,
दमाने. दमाने.
त्याचे डोळे माझ्या ओठांवर.
सव्वीसवर यायला चाळीस मिनिटं लागली.
खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी
काचेवरचा बर्फ खरवडत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी डोलोरेसने गाठलं दारातच.
"स्टॅम्पर दिवसभर एक औषध मागतोय.
सगळा चार्ट चाळला, फार्मसीला फोन केला.
डमाने का काहीतरी.
म्हणतो, रात्रीच्या बाईने दिलं होतं."