सहा वायरी, वर एक

ओल्या सकाळी व्हॅन अडखळते.
थंडीचं काही नाही, थंडी तिच्या अंगवळणी पडलेली.
सरोवरावरून धुकं आलं की मात्र
चढणीवर मधेच एक ठोका गळतो,
अंधारात जिना चढताना
पायाखाली पायरीच नसावी, तसा.

हेल्वी कांगास. वय एकसष्ट.
सात मोटेलांच्या चादरी धुते, पोचवते, मळक्या परत आणते.
व्हॅन चौऱ्याण्णव सालची, मैल दोन लाख अकरा हजार,
विकायला काढली तर नऊशे डॉलर,
तेही घेणारा आंधळा असला तर.

काल रात्री तिनं गराजचं दार सताड उघडलं, दिवा घालवला,
दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण काढून
मागे रिकाम्या टोपल्यांत टाकलं,
आणि इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीनं
चालू इंजिनावर
एकच फवारा उडवला.

निळं.
वायरींच्या अंगावरून निळं काहीतरी सरपटलं,
थांबलं, पुन्हा दुसरीकडे उमटलं, टिकटिकत.
डॅशबोर्डवर, तिच्या मनगटावर त्याचा उजेड.
ती बघत राहिली, गरजेपेक्षा जास्तच वेळ.
मग म्हणाली, बरं. सापडलीस.

एल्डन ट्रेव्हॅरोनं काउंटरवर तीन खोकी मांडली.
एकोणीस डॉलरच्या: काळ्या, हलक्या,
टोप्या इतक्या पोचट की बोटानं दाबल्या तर दबूनच राहतात.
चौऱ्याण्णव डॉलरच्या: लालभडक, करंगळीएवढ्या जाड,
खोक्यावर शर्यतीची गाडी.
चादरी कुठे शर्यत लावतात?
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मधल्या अडतीसच्या.
लांबी मापात, टोप्या घट्ट, रबर उष्णता सोसणारं,
बढाई काहीच नाही.

‘एकोणीसवाल्यांना आजीवन हमी आहे हं,’ एल्डन म्हणाला.
‘कुणाचं जीवन?’
एरवी तो हसला असता.
दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलेला कागद
बाहेरून वाचायचा होता,
पण उन्हात अक्षरं उलटी दिसत होती:
मार्चअखेर बंद.

‘सबंध तांब्याच्या नाहीत का, आतून?’
‘तांब्यातून वीज मोकाट धावते, मग रेडिओ खरखरतो.
ह्यांच्या गाभ्यात अडथळा आहे. थोडा अडथळा लागतो, हेल्वी.’
तिचा बाप बावीस वर्षं ह्याच गावाच्या पोटात
तांबं खणत होता.
तिला ते उगाचच जरा लागलं.
पण शनिवारची हॉकी तिला रेडिओवरच ऐकायची असते.

‘अडतीसच्या दे. दोन सेट.’
‘दोन? गाडी टिकेल तेवढी?’
‘तू दे.’

एकेक करून बदलायच्या.
सगळ्या एकदम उपटल्या की कोणाचं घर कोणतं, कळत नाही.
वायर धरून ओढायची नाही,
टोपी धरून किंचित पिळायची, मग ती स्वतःहून सुटते.
नव्या टोपीत बोटभर नाही, नखभर ग्रीस.
ठिणगीचा क्रम तिनं पुठ्ठ्यावर लिहून काचेला टेकवला:
एक, सहा, पाच, चार, तीन, दोन.
मोजणी उलटीच,
फक्त तो एक मधेच पुढे घुसलेला,
जेवणाच्या रांगेत थोरला भाऊ घुसायचा तसा.
तीन नंबरची स्टिअरिंगच्या दांड्याआड.
तिनं सालटं घेतलं, फिनिश शिव्या घेतल्या,
आणि पाऊण तास.
शेवटी कॉइलची सातवी. ती मुकाट बसली.

जुन्यांतली सर्वांत लांब तिनं गुंडाळून ठेवली,
अडीअडचणीला.
दुसरं खोकं सीटखाली, न उघडलेलं,
वर एल्डनच्या हातची किंमत.

शनिवारी धुकं होतं.
चढण आली, गेली.
रेडिओवर आपली टीम चार गोलांनी हरत होती
आणि शब्दन् शब्द
लख्ख ऐकू येत होता.