सहा किलो

नऱ्ह्यात, हायवेच्या अलीकडे, डावीकडच्या गल्लीत
पत्र्याची शेड. बाहेर रिक्षाचे दोन हूड,
पाण्याची एक भेगाळलेली टाकी, आणि आत
दस्तगीर मोमीन, नाकावर फडकं बांधून
फोमचा ठोकळा किसत बसलेले.
रेझिनचा वास आला आणि मला माझं क्लिनिक आठवलं.
आमचंही तेच. थर द्यायचा, कडक करायचा, घासायचा,
मग पेशंटनं जिभेनं चाचपून म्हणायचं, उंच वाटतंय हो.

म्हटलं, बोर्ड हवाय. विंग फॉइलचा.
एकावन्नाव्या वर्षी? असं त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, "पाणी कुठलं?"
"पानशेत. रविवारी, दुपारनंतर."
"तिथं वारा डोंगरांत अडकून तुकड्यातुकड्यानं येतो.
लांबुळका, अरुंद घेऊ नका. वेगात छान,
पण उभं राहण्याआधी छळतो."

भिंतीशी चार टेकवलेले.
पहिल्यावर मी बोटाच्या पेरानं टकटक केलं,
आरशाच्या दांडीनं दाढेवर करते तसं.
टण. टण. टण. शेपटीकडे एके जागी: ठप्प.
"इथे सुटलंय आतून."
मोमीन तेव्हा पहिल्यांदा नीट वळले.
"पाणी प्यालाय तो. एका पोरानं भर मे महिन्यात
गाडीच्या टपावर ठेवला, हवेचा स्क्रू बंदच."

दुसरा काळा, कार्बनचा, पिसासारखा. भाव पडला मनात.
उलटा केला. फॉइलची दांडी बसते त्या खाचेपाशी
केसाएवढी रेघ.
केसाएवढ्या रेघेला मी घाबरते.
वरून काहीच नसतं, आणि एक दिवस माणूस
चिक्की खाता खाता अर्धी दाढ रुमालात घेऊन येतो.
"सगळा भार तिथंच," मोमीन म्हणाले.
"नाक फुटलं तर जोडीन. खाच उचकटली
तर माझ्याकडंही औषध नाही."

तिसऱ्याला मी हातच लावला नाही. त्यावर ज्वाळा काढल्या होत्या.

चौथा त्यांनी स्वतः केलेला, बुटका, रुंद,
दिसायला जेवायचा पाट.
पण कडा खालून तिरक्या छाटलेल्या,
म्हणजे कलला तरी पाणी चिकटत नाही, सुटून जातं.
गुडघा टेकतो तिथं कापडाचा एक थर जास्त.
माझा उजवा गुडघा त्या जागेकडे बघत राहिला.

"हा विकायचा नाही. असाच करून देतो. वजन?"
"बासष्ट," मी म्हणाले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खांद्यांकडे, मग पायांकडे,
कानावरची पेन्सिल काढली
आणि ठोकळ्यावर काहीतरी लिहिलं.
"महिनाभरानं या."

पानशेत. अकरा वेळा पडले.
बोर्ड मात्र एकदाही बुडाला नाही,
दर वेळी शेजारी येऊन थांबायचा.
बाराव्यांदा पंखात वारा भरला, गुडघा, मग पाऊल,
आणि खालचा चपचपाट एकदम थांबला.
फॉइलनं उचललं होतं.
किती वेळ? पाच सेकंद. सहा म्हणूया.
मग तेरावी वेळ.

काठावर बोर्ड उलटा ठेवून हाशहुश करत बसले.
पोटाकडून तो पांढराच ठेवलाय त्यांनी, रंग नाही.
उन्हात, कापडाखाली, पेन्सिलीचं अक्षर दिसलं:
दाताची बाई. ६८ + २८.

रोज कुणीतरी माझ्या खुर्चीत बसून सांगतं,
डॉक्टर, दोन वेळा घासतो, रात्रीसुद्धा.
मी तोंडात बघते, बरं म्हणते,
आणि सहा महिन्यांऐवजी तिसऱ्याच महिन्याची तारीख देते.

अक्षर रेझिनच्या आत आहे. तरी एकदा
नखानं घासून बघितलं.