जी एकोणीस, एम चार

पिठाच्या बिलाच्या पाठीवर
नेरिस आकडे मांडते.
स्वान्सी ते लंडन, रात्रीची बस, दोघांचे अठ्ठावीस पौंड.
दिवसाची घेतली तर चव्वेचाळीस.
"रात्रीचीच," ती म्हणते, मान वर न करता,
"तू तसाही रात्री झोपतोस कुठे?"

खरंय. एकोणीस वर्षं मी पहाटे तीनला भट्टीपुढे उभा असतो.
गावाची न्याहारी झाली
की माझी रात्र सुरू होते.

चार पन्नासला पोचू.
नाटक दुपारी अडीचला.
मधले तास फुकटात काढायचे, तर तिने
लादीतले पाव सुटे करावेत तसे
तेही सुटे करून ठेवलेत:
बसस्टँडचा बाक. उजाडलं की नदीकाठ.
दहाला संग्रहालय, तिथे पैसे पडत नाहीत
आणि तळमजल्यावर गरम पाण्याचा नळ आहे
(हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे).
जेवण घरचं. माझेच पाव, चीज, उकडलेली अंडी.
"अंडी नकोत." ती खोडते.
"वास येतो. तिथे लोक असतील."

लोक.
पंधराव्या वर्षी
हा शब्द आरशाएवढा असतो.

मग तिकिटं.
शेजारशेजारच्या खुर्च्या बासष्ट.
सगळ्यात वर, खांबाआड, दोघं दोन टोकांना : एकोणचाळीस.
"तेवीस वाचतात," ती म्हणते,
आणि तेवीसभोवती गोल काढते, दोनदा.

मी जरा थांबतो.
कपाटावर खमिराच्या जुन्या डब्यात
चाळीस पौंड आहेत, तिला माहीत नसलेले.
म्हणतो, बघू, जमवू काहीतरी, शेजारी बसू.

ती पेन्सिल खाली ठेवते.
"डॅड. तू अंधारात झोपतोस.
नाताळच्या नाटकात घोरलास.
सगळी शाळा हसली. मी मेंढी होते.
मेंढीला संवाद नसतात,
मला काही बोलताही आलं नाही."

आठ वर्षं झाली त्याला.
मला वाटत होतं, ती ते विसरली.
मला वाटत होतं, मी विसरलो.

ती जी एकोणीस. मी एम चार.
मध्यंतरात जिन्याखाली भेटायचं, डाव्या बाजूच्या,
चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच उभा राहा,
शोधत येऊ नकोस, मी येईन.
(हे वाक्य मी तिला जत्रेत शिकवलं होतं,
तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती.)
आइस्क्रीम पाच पौंड.
तिने खोडलं.
परत लिहिलं. पुढे : एक.

तिकिटं काढून झाली. डबा अजून कपाटावर आहे.

हल्ली पाळी संपली की
मी पिठाच्या कोठारात खुर्ची ओढून घेतो,
दिवा मालवतो, दार लावतो
आणि समोर बघत बसतो.
पोत्यांची एक रांग दिसते, मग तीही दिसत नाही.
पलीकडे कणीक फुगते आहे. तिचा आवाज होतो,
उशीवर कुणी गाल टेकवावा एवढा,
आणि हीच खरी पंचाईत आहे.

परवा हेविन दार उघडून म्हणाला, काय रे, बरं आहे ना?
म्हटलं, नाटक बघतोय.
त्याने दार हळू लोटून घेतलं.

पहिल्या दिवशी बावीस मिनिटं.
काल एक्केचाळीस.
मध्यंतर सत्तराव्या मिनिटाला आहे, मी विचारून ठेवलंय.
तिथवर पोचलो तरी पुष्कळ.
तिथे आइस्क्रीम आहे.